अकरा गाणी आणि एक ॲम्प

३ फेब्रुवारी, मंगळवार

ॲम्प गेला. तिसऱ्या गाण्याच्या मधोमध आधी घरघर सुरू झाली, मग करपल्याचा वास आला आणि मागच्या जाळीतून धुराची बारीक रेघ वर गेली. ताई गाता गाता थांबली आणि म्हणाली, "छोट्या, तुझ्या खोक्याला काहीतरी झालंय." मी चोपन्न वर्षांचा आहे, डोक्यावर मोजता येतील इतकेच केस उरलेत, पण ताईच्या लेखी मी अजून छोट्याच. धावत जाऊन प्लग उपटला.

डोकं ठिकाणावर ठेवायला मला लिहावं लागतं, म्हणून सगळं नीट लिहून ठेवतो. बाबा टपाल कचेरीत कारकून होते. त्यांनी आयुष्यभरात अकरा गाणी केली, शब्द त्यांचे आणि चालीही त्यांच्याच. ताई ती गाते आणि मी गिटारवर साथ करतो, याला बत्तीस वर्षं झाली. लोकांच्या दिवाणखान्यांत गायलो, शाळांच्या सभागृहांत गायलो, एकदा एका बंद कारखान्याच्या गोदामातही गायलो. रेकॉर्डिंग मात्र एकाही गाण्याचं नाही. दरवर्षी मी विषय काढायचो आणि ताई म्हणायची, "करू की सावकाश. गाणी काय कुठे पळून चाललीत?" आणि आता गेल्या आठवड्यात बाईसाहेबांनी स्वतः फोन करून स्टुडिओ ठरवला. एकवीस तारीख. मला विचारलंसुद्धा नाही. गणिताच्या शिक्षिकेला निवृत्तीनंतर रिकामा वेळ मिळाला की असं होतं.

म्हणजे हातात अठरा दिवस आहेत आणि ॲम्प नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

चष्म्याचं दुकान दुपारपर्यंत बंद ठेवलं आणि ॲम्प रेडिओवाल्यांकडे नेला. सत्तरी उलटलेले गृहस्थ आहेत. जुने रेडिओ दुरुस्त करता करता ॲम्पकडे वळले. ॲम्पच्या आतल्या काचेच्या दिव्यांना मी ट्यूब म्हणतो, ते व्हॉल्व्ह म्हणतात, आणि दोघांनाही आपलाच शब्द बरोबर वाटतो. त्यांनी मागची फळी उघडून नुसता वास घेतला.

"ट्रान्सफॉर्मर जळला. नवा गुंडाळून घ्यायचा तर दीड महिना."

"मग दुसरा द्या. मला फक्त स्वच्छ आवाज हवा. गिटारची तार वाजली की तारच ऐकू आली पाहिजे, मध्ये काही नको."

"बघा, व्हॉल्व्हच्या ॲम्पचं असं असतं. आवाज वाढवत नेला की एका ठिकाणी तो फाटायला लागतो. काहींना ते फाटणंच आवडतं, त्यासाठीच घेतात. तुम्हाला नको असेल तर फाटायच्या आधी भरपूर जागा लागेल."

"सगळ्यात जास्त जागा असलेला द्या."

त्यांनी मागची फळी परत लावली. मग म्हणाले, दोन-तीन आहेत दुरुस्त करून ठेवलेले, एकेक घरी नेऊन वाजवून बघा. भला माणूस. मी आधीच ठरवून टाकलं की या वेळी घाई करायची नाही. बाबांची गाणी एकदाच रेकॉर्ड होणार, ती मुळमुळीत आवाजात व्हायला नकोत.

८ फेब्रुवारी, रविवार

पहिला ॲम्प आला. चाळीस वॉट, दोन मोठे स्पीकर. जिन्यावरून चढवताना शेजाऱ्यांच्या आणि माझ्या कमरेने एकमेकांची ओळख करून घेतली. पण आवाज काय सांगू. काच नुकतीच पुसून ठेवावी तसा. कितीही वाढवा, ओरखडा नाही.

चारला ताई आली. पहिलं गाणं अर्ध्यावर सोडून म्हणाली, "जरा खाली घेऊ या का? नव्या ॲम्पवर खालचे सूर कसे येतात ते तरी कळेल." आम्ही गिटारच्या मानेवर एक चिमटा लावतो, कॅपो म्हणतात त्याला. तो जितका वर सरकवावा तितकी पट्टी वर जाते. वर्षानुवर्षं तो तिसऱ्या घरात असतो. आज पहिल्या घरात आणला. मला बरं वाटलं. इतक्या वर्षांत ताईने पहिल्यांदाच माझ्या यंत्रसामग्रीत रस घेतला.

मात्र "याहून लहान नाही का मिळत?" हे तिने तीनदा विचारलं. तिला वाटतं, ॲम्प म्हणजे कपाट, खोलीत मावतं का बघून घ्यायचं.

११ फेब्रुवारी, बुधवार

ताईचं दातांचं काम निघालंय. बायको तिच्याबरोबर गेली ती दिवेलागणीला परतली. या महिन्यातली ही दुसरी खेप. मी म्हणालो, "ताईच्या तोंडात दात आहेत तरी किती?" बायको हसली नाही. पर्स टेबलावर ठेवून सरळ आत गेली.

१४ फेब्रुवारी, शनिवार

आज शास्त्रशुद्ध परीक्षा घेतली. दुसरा ॲम्प पंधरा वॉटचा आहे, त्याचे वरचे सूर जास्त चमकतात. दोन्ही शेजारी ठेवले, पुढे दोरीवर चादर टांगली आणि बायकोला आणि ताईला चादरीपलीकडे बसवलं. दुकानात मी गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत विचारतो ना, "हे स्पष्ट की ते?", तसंच. त्यात माझी अठ्ठावीस वर्षं गेली आहेत. एकमेकींची उत्तरं ऐकून मत बनू नये म्हणून नियम केला की बोलायचं नाही, कागदावर लिहायचं.

"हा नियम मला फार आवडला," ताई म्हणाली. तिचा आवाज जरा बसल्यासारखा होता. हवाच तशी आहे.

चौदा वेळा वाजवलं. मग कागद गोळा केले. बायकोने पहिल्या तीन खेपांना "कळत नाही" लिहिलं होतं आणि पुढे नुसत्या रेघा. ताईने चौदाही वेळा एकच लिहिलं होतं, "कमी कर." ही काय उत्तराची रीत झाली? शाळेत एखाद्या मुलाने प्रत्येक गणिताचं उत्तर सात लिहिलं असतं तर हिने त्याला काय म्हटलं असतं? सगळे कागद बाद केले.

नंतर दोन गाणी झाली. कॅपो पूर्णच काढायला लावला तिने. चौथ्या गाण्यातल्या उंच ओळी तिने गायल्याच नाहीत, म्हणाली, "त्या येतात मला, त्यांचा सराव कशाला? तू तुझं बघ." तिच्या जागी मी असतो तर रेकॉर्डिंग आठवड्यावर आल्यावर इतका निवांत राहिलो नसतो.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

ठरत नाही. चाळीस वॉटचा स्वच्छ आहे पण हळू वाजवला की झोपाळू वाटतो. पंधरावाला गोड आहे, पण मी हात जरा जोरात मारला की कडेला खरखर येते. रेडिओवाले म्हणाले, तीस वॉटचा एक मार्चच्या पहिल्या आठवड्यात मोकळा होईल. तोच माझा ॲम्प असणार असं आतून वाटतंय.

म्हणून आज जरा धाडस केलं. स्टुडिओवाल्याला फोन करून तारीख पुढे ढकलली. चौदा मार्च. एकवीस फेब्रुवारी त्याने दुसऱ्या कुणाला तरी लगेच देऊनही टाकली. संध्याकाळी ताईला फोनवर सांगितलं.  

"मला विचारायला हवं होतंस," ती म्हणाली.

"अगं, बत्तीस वर्षं थांबलो, आता तीन आठवडे थांबून चांगलं होणार असेल तर काय बिघडलं?"

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला. तिनेही तारीख ठरवताना मला विचारलं नव्हतं, हे मुद्दाम बोललो नाही. मोठेपणा दाखवला.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

बायको दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलतेय. कारण विचारलं तर म्हणते, "तुम्हाला ऐकायला कुठे वेळ आहे?" मी दिवसभर ऐकण्याचंच तर काम करतोय.

२३ फेब्रुवारी, सोमवार

रेडिओवाल्यांनी बोलावून घेतलं आणि टेबलावर एक लहानसा ॲम्प ठेवला. पाच वॉट. एकच स्पीकर, तोही ताटलीएवढा.

"हा शिकाऊ मुलांसाठी असतो," मी म्हणालो.

"तुम्हाला किती जोरात वाजवायचंय?"

"जोराचा प्रश्न नाही. स्वच्छतेचा आहे."

"चष्मेवाले, तेच तर सांगतोय. मोठा ॲम्प मोठ्याने वाजवायचा असेल तर स्वच्छ. हा लहान आहे, वाढवलात तर लगेच फाटेल. पण हळू वाजवलात तर याच्यासारखा आवाज त्या दोघांत नाही. तुम्हाला गाणारीच्या वर वाजवायचंय की खाली?"

असं मला कुणी विचारलं नव्हतं. उत्तर देण्याआधीच ते पुढे म्हणाले, "गेल्या आठवड्यात तुमच्या ताई येऊन गेल्या. सगळ्यात हळू वाजणारा कुठला म्हणून विचारत होत्या. मी हा पोत्यातून काढून त्यांच्यासाठीच तयार केला."

रागच आला. माझ्या मागे, माझ्या ॲम्पची चौकशी. तरी घरी आणून वाजवला. इथे खोटं लिहून काय मिळवायचं आहे? आवाज सुरेख आहे. बटण दोनच्या पुढे नेलं नाही तर इतका स्वच्छ, की बोट तारेवरून सरकल्याचंही कळतं. पण दोनवर ठेवला तर लोकांना माझी गिटार ऐकू कशी जाणार?

ताईला एकदा स्पष्ट सांगायलाच हवं. साथ कशी करायची हे मला कळतं.

२५ फेब्रुवारी, बुधवार

दुकान बंद करून ताईकडे जायचं ठरवलं होतं. घरी येऊन शर्ट बदलत होतो, तर बायको दारात उभी राहिली. "कुठे?"

"ताईकडे. ॲम्पचं बोलायला."

"आधी बसा," ती म्हणाली.

मी बसलो आणि तिने सांगितलं. ताईच्या स्वरयंत्रावर गाठ आहे. जानेवारीत कळलं. दातांचं काम नव्हतंच, दोन डॉक्टर झाले. ऑपरेशन दोन मार्चला, सोमवारी. बोलणं परत येईल असं डॉक्टर म्हणतात. गाण्याबद्दल विचारलं तर दोघांनीही खात्री दिली नाही. ताईने तिच्याकडून वचन घेतलं होतं की मला रेकॉर्डिंग होईपर्यंत सांगायचं नाही.

"का?"

"तुम्ही घाबरता म्हणून. आई आजारी होत्या तेव्हा चार महिने गिटारला हात लावला नव्हतात. ताई म्हणाल्या, त्याला कळलं तर तो वाजवणार नाही, आणि तो नसेल तर मी गाणार कुणाबरोबर?"

एकवीस तारीख तिने दोन मार्चच्या आत बसवली होती. ती मी चौदा मार्चला नेली. तीस वॉटसाठी.

ताईच्या घरापर्यंत कसा चालत गेलो ते आठवत नाही. तिने दार उघडलं, माझं तोंड बघितलं आणि म्हणाली, "सांगितलं वाटतं तिने."

"तारीख बदलली तेव्हा तरी बोलायचंस ताई."

"बोलणार होते. पण तू इतका रमला होतास त्या खोक्यांत." ती खुर्चीत बसली. तिचा आवाज किती बारीक झालाय ते मी आज ऐकलं. महिनाभर तोच आवाज समोर होता आणि मी त्याला हवा म्हणत होतो, निवांतपणा म्हणत होतो. मी तिच्यासमोर रडलो. ती म्हणाली, "झालं का? मग आता स्टुडिओला फोन कर."

२६ फेब्रुवारी, गुरुवार

स्टुडिओवाला आधी नाहीच म्हणाला. मी दुकानातून चार वेळा फोन केला, पाचव्यांदा सरळ जाऊन त्याच्यासमोर उभा राहिलो आणि खरं काय ते सांगितलं. त्याने वही काढली, कुणाशी तरी बोलला, आणि शनिवारी दुपारी एक ते पाच मोकळे करून दिले. चार तास, अकरा गाणी.

घरी येऊन गिटारच्या तारा बदलल्या. पहिली तार दोनदा चुकीच्या खुंटीला गुंडाळली. ताई म्हणते ते खोटं नाही.

२८ फेब्रुवारी, शनिवार

पाच वॉटचा ॲम्प काखेत मारून रिक्षाने गेलो. एक वाजता सुरुवात. ताई माझ्यापासून चार हातांवर उंच स्टुलावर बसली होती, हातात कोमट पाण्याचा थर्मास, समोर कागद नाही. तिला कागद कधीच लागला नाही.

पहिल्याच गाण्याला स्टुडिओवाला काचेमागून म्हणाला, "गिटार जरा कमी." मी बटण खाली आणलं. पुन्हा म्हणाला, "अजून." शेवटी बटण एकवर आलं आणि तेव्हा कुठे ताईचा आवाज मला पुरा ऐकू आला. वरचं सगळं गेलं होतं, पण खालचे सूर शाबूत होते. प्रत्येक ओळीच्या आधी ती श्वास घेत होती तो ऐकू येत होता. आजवर हे मला ऐकू आलं नव्हतं, कारण तिच्या श्वासावर दरवेळी माझी तार वाजत असे.

सहा गाणी झाली. प्रत्येक एकदाच, फार तर दोनदा. पाचव्यात तिने एक ओळ इतकी हळू घेतली की मी जवळजवळ वाजवायचं थांबलो, आणि ते बरोबर झालं.

सातवं सुरू केलं तेव्हा साडेतीन झाले होते. पहिलं कडवं अर्ध्यावर आलं आणि आवाज गेला. खोकला नाही, काही नाही, नुसती हवा आली. तिने पाणी घेतलं, पुन्हा सुरू केलं, पुन्हा हवा. मग ती माझ्याकडे वळली आणि ओठांनीच म्हणाली, "तू म्हण पुढचं. निदान शब्द तरी राहू देत. नंतर बघू."

मला पुढची ओळ येत नव्हती.

बत्तीस वर्षं मी ते गाणं वाजवतोय. कुठल्या मात्रेला कुठला कॉर्ड, कुठल्या तारांवर कुठली बोटं ते झोपेतून उठवलं तरी सांगेन. शब्द आठवायला गेलो तर दोन-चार तुकडे, मध्ये सगळी पोकळी. मी आठवं गाणं आठवून पाहिलं, नववं आठवून पाहिलं. एकाचंही कडवं मला पूर्ण येत नाही. बाबांची गाणी आहेत ती. माझ्या बाबांची.

ताई माझ्याकडे बघत होती. तिला कळलं. तिने मान हलवली, रागावून नव्हे, आणि थर्मासचं झाकण लावलं. साडेचारला आम्ही बाहेर पडलो.

२ मार्च, सोमवार

ऑपरेशन तीन तास चाललं. गाठ निघाली. निघताना डॉक्टर म्हणाले, तीन आठवडे एक अक्षर बोलायचं नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही. पुढचं पुढे. बायको आणि मी बाकावर बसून होतो. मी तिला म्हणालो, तू मला आधी सांगायला हवं होतंस. ती म्हणाली, "हो. आणि तुम्ही विचारायला हवं होतं." 

१० मार्च, मंगळवार

ताई घरी आली आहे. रोज दुकान बंद केल्यावर जातो. ती जाड वहीत लिहून बोलते, अक्षर फळ्यावरचं, टपोरं. काल मी गेलो तर वही माझ्यापुढे सरकवली. सातव्या गाण्यापासून अकराव्यापर्यंत सगळे शब्द लिहून काढले होते, कडव्याखाली कडवं, काना-मात्रेसकट. खाली एक सूचना: "पाठ कर. तीन आठवड्यांनी तोंडी परीक्षा."

आज गिटार घेऊन गेलो. ॲम्प नेला नाही, लागलाच नाही. सातवं गाणं वाजवायचं आणि शब्द वाचत जायचे असं ठरवलं. गाता मला येत नाही, नुसतं चालीवर म्हणत होतो. बाबांची ओळ अशी आहे, "उशीर झाला तरी उंबऱ्यातला दिवा मी मालवला नाही." ताई "दिवा" या शब्दावर थांबते. "दि" लांबवत नेते, लांबवत नेते आणि मग हलकेच "वा" वर येते. लोक नेमके तिथेच मान डोलावतात. ऐकणाऱ्या कुठल्याही माणसाला विचारा, या गाण्यातलं काय आठवतं, तो तीच जागा सांगेल. मीही ते शब्द धरून म्हणताना "दि" लांबवला.

ताईने हात वर करून मला थांबवलं. पेन्सिल घेतली आणि ओळीच्या समासात लिहिलं, "बाबांच्या चालीत इथे थांबा नाही. सरळ जायचं."

"मग तू का थांबतेस?"

ती हसली. बराच वेळ लिहीत होती. मग वही फिरवली.

"सुरुवातीला तुला इथला कॉर्ड जमायचा नाही. चार बोटं जागेवर पोचायला वेळ लागायचा. ती पोचेपर्यंत मी 'दि' धरून ठेवायचे. पुढे तुला जमायला लागला, पण तोपर्यंत तुला वाटत होतं की गाणं असंच आहे."

मी वाचलं आणि पुन्हा वाचलं. बावीस वर्षांचा होतो मी. तेव्हापासून प्रत्येक कार्यक्रमात तिथे मी डोळे मिटून अभिमानाने तो कॉर्ड वाजवत आलोय, आणि ती माझी बोटं पोचायची वाट बघत होती. साथ कोण कुणाची करत होतं हे मला चोपन्नाव्या वर्षी, तिच्या घशाला टाके पडल्यावर कळलं. मला लाज वाटली, आणि तिच्याबद्दल इतकी माया दाटून आली की गिटार मांडीवरून खाली ठेवावी लागली.

"इतक्या वर्षांत एकदा तरी सांगायचंस," मी म्हणालो.

तिने पेन्सिलीचं टोक बोटाने साफ केलं आणि लिहिलं, "छान वाटायचं तिथे थांबायला."

मग तिने बोटाने गिटारकडे खूण केली. मी पुन्हा घेतली. बाबांनी केलं तसं सरळ वाजवू की तिने गायलं तसं, विचारलं. तिने खांदे उडवले, तुझं तू ठरव. मी ओळ सुरू केली, त्या शब्दापर्यंत आलो, आणि थांबलो. कॉर्ड लावायला मला आता वेळ लागत नाही, बोटं कधीच पोचली होती. खोलीत कसलाही आवाज नव्हता. ताई डोळे मिटून बसली होती आणि तिचे ओठ "दि" वर उघडे होते. ते मिटेपर्यंत मी वाट बघितली आणि मगच पुढचा कॉर्ड वाजवला.